महाराजांनी मागवलेला तक्ता आम्हालाही दाखवा

चैत्र पौर्णिमेला आमच्या जोतिबाच्या डोंगरावर सगळं मोजलेलं असतं. मानाच्या सासनकाठ्या १०८. पहिल्या क्रमांकाची निनाम पाडळीची. कुठली काठी कुणाच्या मागं हे शेंबड्या पोरालाही पाठ. यात्रेच्या आठ दिवस आधी पेपरात आकडे येतात. एसटीच्या जादा गाड्या किती, पोलीस किती, पार्किंग कुठं आणि पाण्याचे टँकर किती. गुलाल खाली बसायच्या आत किती लाख भाविक आले याचाही आकडा येतो. तो खरा की अंदाजपंचे, यावर आम्ही चहाच्या टपरीवर भांडतो. पण आकडा असतो. भांडायला काहीतरी असतं.

आता दुसरा प्रश्न विचारतो. याच डोंगरावरच्या वाडी रत्नागिरीतून आणि खालच्या कुशिरे, पोहाळे, गिरोली, दानेवाडीतून गेल्या पाच वर्षांत किती पोरापोरींनी कुठल्यातरी योजनेतून ‘कौशल्य प्रशिक्षण’ घेतलं? त्यातल्या किती जणांना काम लागलं? किती पगारावर? त्यात मुली किती? सहा महिन्यांनंतर त्या कामावर कोण टिकलं?

इथं शांतता. भांडायलासुद्धा आकडा नाही.

मी आकड्यांचा माणूस नाही. आमचं डोंगरावर नारळ, गुलाल, खोबऱ्याचं छोटं दुकान आहे. मी आयटीआय करून शिरोली एमआयडीसीत एका मशीन शॉपमध्ये कामाला लागलो. कुठलं आयटीआय ते सांगत नाही, कारण गोष्ट एकट्या त्या संस्थेची नाही. तिथं मी साध्या लेथवर जॉब फिरवायला शिकलो, फाइल घासायला शिकलो, आणि ते शिकवणारे सर मनापासून शिकवायचे. पण कामाच्या पहिल्या दिवशी सुपरवायझरनं मला व्हीएमसीसमोर उभं केलं आणि विचारलं, “प्रोग्रॅम वाचता येतो काय?” येत नव्हता. वर्षभर हेल्परच्या पगारात राबत तेच शिकलो, जे शिकून यायला हवं होतं. माझ्या मागच्या बॅचलाही हेच झालं, पुढच्याही. दरवर्षी तीच पोरं, तोच सुपरवायझर, तोच प्रश्न. आणि ही गोष्ट कारखान्यातून परत आयटीआयपर्यंत पोचवणारा एक कागद या सगळ्या यंत्रणेत नाही.

माझ्या मावस बहिणीचं तर याहून पुढचं. तिनं तीन महिन्यांचा शिवणकामाचा कोर्स केला. प्रमाणपत्र मिळालं, चकचकीत, क्यूआर कोड असलेलं. स्कॅन केलं की तिचं नाव येतं, कोर्सचं नाव येतं, ग्रेड येते. तिच्या बॅचमध्ये तीस जणी होत्या. त्यांतल्या किती जणी आज मशीनवर बसून पैसे कमावतात, हे मात्र कुठलाही कोड स्कॅन केला तरी येत नाही. नोकरी म्हणून तिला जो फोन आला तो परजिल्ह्यातल्या एका कंपनीचा होता. राहायची सोय स्वतः करायची. ती गेली नाही. ते प्रशिक्षण केंद्र पुढच्या वर्षी बंद झालं. ती आता यात्रेच्या दिवसांत आमच्या दुकानात गुलालाच्या पुड्या बांधते.

तिच्याबद्दल लोक काय म्हणतात माहितीये? “पोरींना बाहेर जायला नको असतं.” माझ्याबद्दल म्हणत होते, “आयटीआयच्या पोरांना काय येत नाही.” म्हणजे दोष आमचाच. यंत्रणेचा हिशोब कुणी मागितलाच नाही, कारण मागायला आकडाच नाही. आकडा नसला की दोष नेहमी गरिबाच्या स्वभावावर जातो.

*

हे मी कोल्हापुरात बसून लिहितोय म्हणून जास्त लाज वाटते. कारण नोकऱ्यांतला अन्याय मोजून दाखवायचा आणि मग तो मोडायचा, हे या देशाला शिकवलं ते आमच्याच गावानं.

राजर्षी शाहू महाराज १८९४ साली गादीवर आले तेव्हा संस्थानच्या प्रशासनातल्या ७१ अधिकारपदांपैकी ६० एकाच जातीकडे होती. कारकुनांच्या ५०० जागांपैकी त्या जातीबाहेरचे होते फक्त १०. हे आकडे आज आपल्याला माहीत आहेत, कारण ते कुणीतरी मोजले. २६ जुलै १९०२ला करवीर संस्थानच्या गॅझेटमध्ये जाहीरनामा निघाला आणि रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के मागासवर्गीयांना राखून ठेवल्या गेल्या. हे आपण शाळेत शिकतो, भाषणात ऐकतो, शाहू जयंतीला स्टेटसला ठेवतो.

पण त्या जाहीरनाम्यातलं एक वाक्य कुणी स्टेटसला ठेवत नाही. त्यात म्हटलं होतं की या हुकुमानंतर ज्या नेमणुका होतील त्यांचा तक्ता प्रत्येक खातेप्रमुखानं दर तिमाहीला सादर करायचा.

दर तिमाहीला! १९०२ साली! टाइपरायटर सगळ्या कचेऱ्यांत नव्हते तेव्हा. महाराजांना माहीत होतं की नुसता हुकूम काढून खातेप्रमुख ऐकणार नाहीत. हुकूम कागदावर राहील आणि जागा जुन्याच घरात जातील. म्हणून हुकुमाच्या शेपटाला त्यांनी हिशोब बांधला. परिणाम? १९१२पर्यंत त्या पदांची संख्या ९५ झाली होती आणि त्यांतली ३५ आधीच्या जातीकडे उरली होती. आणि महाराज नुसते मोजत बसले नाहीत. खेड्यातलं पोरगं शिकायला आलं तर राहणार कुठं, हा प्रश्न दिसला तसा १९०१मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग उभं राहिलं आणि पुढं एकेका समाजाची वसतिगृहं. मोजलं, अडचण कुठं आहे ते पाहिलं, तिथं पैसा घातला. याला आज इंग्रजीत मोठमोठे शब्द आहेत. आमच्याकडं हे सव्वाशे वर्षांपूर्वीच होऊन गेलं.

त्यानंतरही मोजणं थांबलं नव्हतं. १९४०च्या दशकात पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेनं कोल्हापूर शहराची सामाजिक पाहणी केली. एन. व्ही. सोवनींनी त्याचे तीन खंड लिहिले. त्यांतला एक उद्योग, व्यापार आणि कामगारांवर. घरोघरी जाऊन विचारलं, कोण काय काम करतं, किती कमावतं. आज माझ्या खिशातल्या फोनवर ओटीपी येतो, आधार लिंक होतं, पण माझ्या तालुक्यातल्या कामगाराची तेवढी तपशीलवार पाहणी मला उघडून वाचता येत नाही.

*

“माहिती गोळाच होत नाही” असं कुणाला वाटत असेल तर तसं अजिबात नाही. माहिती भरपूर गोळा होते. आमच्याकडूनच. कुठलाही फॉर्म काढा: नाव, जात, उत्पन्न, आधार, बँक खातं, मोबाइल, फोटो, शिक्षण. आम्ही भरून भरून दमलो. प्रश्न हा आहे की माहिती वर जाते आणि वरच राहते.

हे बघा. रिक्त जागा सक्तीनं कळवण्याचा कायदा १९५९चा. त्याखाली सगळ्या सरकारी आस्थापनांनी आणि २५ किंवा जास्त माणसं असलेल्या खासगी आस्थापनांनी दर तिमाहीला ‘ईआर-१’ नावाचा तक्ता भरायचा: किती माणसं कामावर, किती जागा रिकाम्या, कुठल्या जागांना माणूस मिळत नाही. महाराजांचा तक्ता पुन्हा आला की! आता जुना कायदा २०२०च्या सामाजिक सुरक्षा संहितेत गेला. एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजला तिथं ‘करिअर सेंटर’ म्हणतात, पण जागा कळवण्याची अट आहेच. म्हणजे शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगले पंचतारांकित एमआयडीसी इथल्या कारखान्यांना कुठल्या कामाला माणूस मिळत नाही, हे सरकारला दर तीन महिन्यांनी कळायला हवं. मग ते माझ्या आयटीआयला का कळत नाही? शेकडो फाउंड्री असलेल्या या जिल्ह्यात मोल्डिंगला, फेटलिंगला, सीएनसी सेटिंगला किती माणसं हवीत, ते दहावीच्या निकालानंतर ट्रेड निवडणाऱ्या पोराला का कळत नाही?

दुसरं. भविष्य निर्वाह निधी. २० किंवा जास्त कामगारांच्या आस्थापनेला तो लागू होतो आणि २०१४पासून प्रत्येक सदस्याला एक कायमचा यूएएन क्रमांक असतो. प्रशिक्षण घेतलेल्याच्या नोंदीशी हा क्रमांक जोडला तर कोण कामाला लागलं, किती दिवस टिकलं, किती पगारावर, हे सरकारला एका बटणावर कळू शकतं. तिसरं, अप्रेंटिस कायदा. ३० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेनं मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के अप्रेंटिस घ्यायलाच हवेत. कुणी घेतले, कुणी नाही, घेतलेल्यांपैकी किती पुढं कायम झाले? नोंदी आहेत. आमच्यापर्यंत येत नाहीत.

आयटीआयचा प्रकार तर गमतीदार आहे. प्रवेशाचा कट-ऑफ ऑनलाइन दिसतो: कुठलं आयटीआय, कुठला ट्रेड, कुठला प्रवर्ग, किती टक्क्यांना बंद झाला. आत कसं शिरायचं हे दशांशासह. बाहेर पडल्यावर काय होतं, ते मात्र गुलदस्त्यात. आतला दरवाजा काचेचा, बाहेरचा लोखंडी.

आणि जिथं माहिती भरली जाते तिथं ती कशी भरली जाते, तेही ऐका. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजना २०१५ला सुरू झाली. कॅगनं २०१५ ते २०२२ या काळाची तपासणी करून डिसेंबर २०२५मध्ये संसदेत अहवाल मांडला. सुमारे ९६ लाख प्रशिक्षणार्थींच्या नोंदी तपासल्या तर ९४ टक्क्यांहून अधिक नोंदींत बँक खात्याच्या रकान्यात शून्य, ‘नल’, ‘लागू नाही’ असलं काहीतरी किंवा नुसतं रिकामं. एकच फोटो वेगवेगळ्या लाभार्थ्यांना लावलेला. प्रमाणपत्र मिळालेल्यांपैकी कामाला लागलेले सुमारे ४१ टक्के.

पोरगं गाळात गेलं आणि कागदावर ते पोहून पार झालं.

बरं, याच्यावर उपाय काय निघाला? योजनेच्या पहिल्या तीन टप्प्यांत नोकरी लागली का याची नोंद ठेवली जायची. चौथ्या टप्प्यात तो मागोवाच सोडून दिला. उमेदवारांना आपली वाट निवडायला सक्षम करण्यावर भर आहे, असं सरकारचं उत्तर. ताप मोजायचा नको म्हणून थर्मामीटर फेकून दिला, आणि त्याला सक्षमीकरण म्हटलं.

*

आमच्या डोंगरावर पहाटे पाचला या. पोरं पळताना दिसतील. सोळाशे मीटर, गोळाफेक, पोलीस भरती. २०२४च्या पोलीस भरतीत १७ हजार ४७१ जागांसाठी राज्यातून १७ लाखांहून जास्त अर्ज आले. म्हणजे शंभरातला एक. मोठी माणसं म्हणतात, “या पोरांना सरकारी नोकरीचं याड लागलंय.” मी म्हणतो, याड नाही. हिशोब आहे.

भरतीत काय दिसतं बघा. जागा किती ते जिल्हावार जाहीर. प्रवर्गवार जाहीर. महिलांना किती, खेळाडूंना किती ते जाहीर. मैदानाचे मार्क जाहीर, लेखीचे जाहीर, मेरिट लिस्ट भिंतीवर. एका मार्कानं राहिलो तर एका मार्कानं राहिलो हे कळतं. पगार किती तेही आधीच माहीत. शंभरात एकच लागणार हे पोराला ठाऊक आहे, पण तो एक कसा लागतो ते त्याच्या डोळ्यासमोर आहे. आणि स्किलवाल्या कोर्समध्ये? जागा अगणित, नोकरीची ‘हमी’, आणि मागच्या बॅचचं काय झालं विचारलं की समुपदेशक मॅडम पाणी प्यायला जातात. माणूस उजेडाकडं जातो. भरतीच्या मैदानावर उजेड आहे. तुम्ही कौशल्याच्या वाटेवर दिवा लावत नाही आणि पोरं तिकडं येत नाहीत म्हणून पोरांनाच नावं ठेवता.

२०२४मध्ये राज्य सरकारनं मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. बारावी पासला महिना ६ हजार, आयटीआय-पदविकेला ८ हजार, पदवीधराला १० हजार. सहा महिने, मग वाढवून अकरा. आमच्या ओळखीतली पोरं शाळेत, ग्रामपंचायतीत, कचेऱ्यांत बसली. काम खरं केलं. मुदत संपली, घरी आली. मग मोर्चे निघाले. मोर्चेकऱ्यांना उत्तर काय, तर हे प्रशिक्षण होतं, नोकरी नव्हे. ठीक आहे. मग प्रशिक्षण होतं तर प्रशिक्षणाचा निकाल लावा! किती जणांना त्या अनुभवावर दुसरीकडं काम लागलं? कुठल्या तालुक्यात? ज्या आस्थापनांनी फुकट हात वापरून सोडून दिले त्या कुठल्या, आणि ज्यांनी ठेवून घेतलं त्या कुठल्या? करदात्याचा पैसा गेला आणि पोराच्या आयुष्यातलं वर्ष गेलं. दोन्हीचा तक्ता हवा.

*

आता न्यायाचा मुद्दा, कारण नुसता ‘इतके टक्के प्लेसमेंट’ हा आकडासुद्धा फसवा असतो.

समजा एका केंद्रातून १०० जण शिकले आणि ६० कामाला लागले. टाळ्या. पण त्या ६०मध्ये ५२ मुलगे असतील तर? शहरालगतचे ५० आणि डोंगरातले १० असतील तर? कायम कामावर काही विशिष्ट आडनावं आणि कंत्राटदाराकडं बाकीची, असं असेल तर? सरासरी ही फार सोयीस्कर चीज आहे. तिच्या पदराखाली सगळं झाकतं. १८९४च्या संस्थानातही ‘सगळ्या जागा भरलेल्या’ होत्याच की! भरलेल्या कुणी, हा प्रश्न विचारला तेव्हा चित्र दिसलं.

आमच्याकडचंच सांगतो. शिरोलीत पहिल्या शिफ्टला वेळेवर पोचायचं तर डोंगरावरून स्वतःची दुचाकी लागते. ज्याच्या घरात गाडी आहे त्याला नोकरी आहे. मुलीला दुसऱ्या शिफ्टनंतर रात्री केर्लीच्या फाट्यावर उतरून घाट चढायचा आहे. आयटीआयमध्ये तिच्यासाठी ३० टक्के जागा राखीव आहेत, पण घाटात तिच्यासाठी काहीही राखीव नाही. ट्रेडनिहाय, तालुकानिहाय, मुली-मुलगे वेगळे करून आकडे ठेवले असते तर हे लगेच दिसलं असतं की मुली शिकतात, पास होतात आणि कामावर पोचत नाहीत. मग कळलं असतं की यांना नवा कोर्स नको, संध्याकाळी सुटणारी बस आणि शहरात वसतिगृह हवंय. महाराजांना बोर्डिंग सुचलं ते असंच.

इथं काही मंडळी म्हणतील, “जात आणि लिंग मोजून तुम्ही समाजात फूट पाडताय.” हे १९०२लाही म्हणत होते. फूट मोजण्यानं पडत नाही. पडलेली दिसते. आणि आता तर देशभरच्या जनगणनेत जात मोजायचं सरकारनंच ठरवलंय. २०११नंतर रखडलेली जनगणना २०२७ला होतेय. जनगणना सांगेल आपण कोण किती आहोत. कामाच्या दारातून आत कोण किती गेलं, ते तिच्यावरून कळणार नाही. त्यासाठी तिमाही तक्ताच लागतो.

दुसरा आक्षेप खासगीपणाचा, आणि तो मला मान्य आहे. माझ्या बहिणीचा पगार गावाला कळायची गरज नाही. २०२३च्या वैयक्तिक माहिती संरक्षणाच्या कायद्यानं माहिती अधिकारातलं वैयक्तिक माहितीचं कलम आणखी घट्ट केलंय. पण आम्ही नावं मागतच नाही. आम्ही बेरजा मागतोय. ‘अमुक केंद्र, अमुक कोर्स, ३० शिकल्या, ११ कामावर’. यात कुणाची अब्रू जाते? फक्त केंद्राची. जिथं एखाद्या रकान्यात पाचपेक्षा कमी माणसं असतील तिथं आकडा झाकून ठेवा. जगभर असंच करतात. अमेरिकेत २०१४च्या कायद्यानुसार सरकारी पैसा घेणाऱ्या प्रशिक्षण कार्यक्रमांना हे दाखवावं लागतं की बाहेर पडल्यानंतर दुसऱ्या आणि चौथ्या तिमाहीत किती जण कामावर होते आणि त्यांची मधली कमाई किती होती. मधली म्हणजे सगळ्यांना पगारानुसार रांगेत उभं केलं की बरोबर मधे उभा राहील त्याची. सरासरी नव्हे. एका मॅनेजरचा पगार मिसळून हेल्परांना श्रीमंत दाखवायची सोय त्यात नाही.

तिसरा आक्षेप व्यावहारिक: “आपल्याकडं बहुतेक कामं असंघटित. पीएफ नाही, पावती नाही. मोजणार कसं?” बरोबर आहे. पण लांब जायला नको. रोजगार हमीचं बघा. मनरेगाच्या वेबसाइटवर गावनिहाय जॉबकार्ड, हजेरीपट, मजुरी, सगळं वर्षानुवर्षं दिसत आलं. खोटी नावं सापडली ती त्यामुळंच. चर खणणाऱ्या मजुराचा हिशोब देशाला उघडा करता येतो आणि प्रशिक्षण केंद्र चालवणाऱ्या संस्थेचा येत नाही? राजस्थाननं २०१९मध्ये जन सूचना पोर्टल काढलं, योजनांची माहिती गावपातळीपर्यंत लोकांसमोर ठेवली. आणि जिथं पावती नाही तिथं माणूस विचारू शकतो. सहा महिन्यांनी एक फोन. बचत गटाच्या बायका गावातल्या प्रत्येक घराची चूल ओळखतात. त्यांना मानधन द्या, त्या विचारून येतील. ‘नल’ लिहून आणणार नाहीत.

*

हे सगळं आजच का? कारण आमच्या डोंगरावर पैसा येतोय.

मे २०२५मध्ये चौंडीला झालेल्या मंत्रिमंडळ बैठकीत जोतिबा मंदिर परिसराच्या विकास आराखड्याला २५९ कोटी ५९ लाख रुपयांची मंजुरी मिळाली. त्याच वर्षी जुलैमध्ये शेजारचा पन्हाळा मराठा लष्करी स्थापत्यातल्या १२ किल्ल्यांपैकी एक म्हणून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. म्हणजे रस्ते होतील, पार्किंग होईल, दगडकाम होईल, हॉटेलं वाढतील, गाइड लागतील. चांगभलं! पण कुणाचं?

काळ्या पाषाणाचं काम करायला कारागीर कुठून येणार? आमच्यातल्या किती पोरांना घडीव दगडाचं, चुन्याचं काम आतापासून शिकवणार? पन्हाळ्यावर गाइड म्हणून उभं राहायला किती मुली तयार होताहेत? की आमच्या वाट्याला पुन्हा वॉचमनची काठी आणि झाडूच? हा प्रश्न काम झाल्यावर विचारून उपयोग नाही. आराखड्यातल्या प्रत्येक कंत्राटाबरोबर चार ओळींचा तक्ता जोडायला काय खर्च येतो? एकूण किती माणसं कामावर, त्यांत पन्हाळा तालुक्यातली किती, महिला किती, शिकाऊ म्हणून किती घेतले. दर तिमाहीला. गॅझेटातल्या त्या वाक्यासारखा.

हिवरे बाजारला दरवर्षी पाऊस मोजतात, विहिरीतलं पाणी मोजतात, ग्रामसभेत ताळेबंद मांडतात आणि मग ठरवतात यंदा कुठलं पीक घ्यायचं. पाणी कमी असेल तर जास्त पाणी पिणारं पीक नाही. कुणाला हा आकड्यांचा खेळ वाटत नाही, कारण त्यावर गाव जगतं. कामाचा ताळेबंद असाच मांडता येतो. यंदा गावातून दहावी-बारावी किती झाले, कोर्सला किती गेले, कुठल्या कोर्सचे किती कामाला लागले, एमआयडीसीत कुठल्या जागा रिकाम्या आहेत. त्यावरून ठरवायचं, पुढच्या वर्षी पोरांनी कुठं जायचं आणि सरकारकडं कुठली बॅच मागायची. नुसतं सरकारनं छापून भागणार नाही. वाडीतल्या भिंतीवर ते लागलं पाहिजे, मराठीत, मोठ्या अक्षरात.

आकडे आले म्हणजे नोकऱ्या उगवतील असं मी म्हणत नाही. कारखाने बंद पडले तर तक्ता काय करणार? पण आज जे चाललंय त्यात पोराचं एक वर्ष, आईबापाचं कर्ज आणि सरकारचा पैसा, तिन्ही अंधारात जातात. वर त्याचा दोष पोराला मिळतो. निदान दोष तरी योग्य दारात जाऊ दे.

म्हणून मी काय करतोय ते सांगतो. माहिती अधिकाराचा अर्ज लिहिलाय. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. जिल्ह्याच्या कौशल्य विकास आणि रोजगार कार्यालयाला. मागितलंय एवढंच: पन्हाळा तालुक्यात गेल्या पाच वर्षांत सरकारी पैशातून प्रशिक्षण देणाऱ्या प्रत्येक केंद्राचं नाव, दिलेला निधी, कोर्सनिहाय किती दाखल, किती पूर्ण, सहा महिन्यांनी आणि वर्षानं किती कामावर, मधला पगार किती. मुलगे-मुली वेगळे, सामाजिक प्रवर्ग वेगळे, कायम आणि कंत्राटी वेगळे. नावं नकोत. तीस दिवसांत उत्तर यायला हवं. ‘माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही’ असं आलं, आणि तेच येईल असं मला वाटतं, तर तेही एक उत्तरच आहे. ते मी १ मेच्या ग्रामसभेत वाचून दाखवणार आहे. माहितीच्या कायद्याच्या कलम ४नं हे सगळं कुणी न मागता जाहीर करायला हवं, हा ठरावही मांडणार आहे.

तुम्ही हे फोनवर वाचताय. तुमचा तालुका वेगळा असेल, अर्ज हाच चालेल. ‘पन्हाळा’ खोडून तुमचं नाव घाला. उत्तर आलं की मोठ्यानं वाचा, पारावर वाचा, कॉलेजच्या ग्रुपवर टाका. आणि कुणी विचारलं की हे काय नवीन खूळ काढलंय, तर सांगा, नवीन नाही. २६ जुलै १९०२चं आहे.